शिकस्त म्हणजे काय?

कडुलिंबाच्या फुलोऱ्याचा वास आला की मला खडूची धूळ आठवते. इतरांना पाडवा आठवत असेल. माझ्या नाकात या दोन गोष्टी एकत्र बसल्या आहेत: चैत्रातली ती गोडसर, कडवट झुळूक आणि उजव्या बाहीवर साचलेली पांढरी भुकटी. परभणीत हा वास सकाळी ऊन चढेपर्यंत टिकतो. मग जिनिंगच्या बाजूने कापसाचं भूस उडत येतं आणि वास मरून जातो.

यंदाही फुलोरा आला आणि त्याच आठवड्यात आमच्या सुमनच्या नावाने टपालातून एक माहितीपत्रक आलं. सुमन माझी थोरली. मॅट्रिकची परीक्षा देऊन घरी आहे आणि तिला शिक्षिका व्हायचं आहे. माहितीपत्रक एका मोठ्या शहरातल्या अध्यापक विद्यालयाचं. गुळगुळीत कागद, वर इमारतीचं चित्र, चित्रात माणूस एकही नाही. सुमन ते माजघरात आईला मोठ्याने वाचून दाखवत होती आणि मी ओसरीवर सातवीचे पेपर तपासत बसलो होतो.

मी गणिताचा मास्तर. कोणी काही सांगितलं की ते मोजून पाहायची मला खोड आहे. तिचं वाचून झाल्यावर मी ते पत्रक मागून घेतलं आणि पेन्सिल घेऊन बसलो. 'इमारत' हा शब्द नऊ वेळा आला होता. 'परंपरा' पाच वेळा. ग्रंथालयातली पुस्तकं, वसतिगृहातल्या खोल्या, सभागृहाची लांबी-रुंदी, सगळं दिलं होतं. निकाल नव्वदीच्या वर, असं ठळक छापलं होतं; परीक्षेला बसवले किती ते दिलं नव्हतं, आणि भागाकाराला खालची संख्या नसेल तर वरच्या संख्येला काय अर्थ आहे हे मी दरवर्षी पाचवीच्या पोरांना सांगतो. 'माध्यम: मराठी' हेही ठळक. तिथे मी मान डोलावली. मग 'मूल' हा शब्द शोधला. तो मला 'मूलभूत' आणि 'मूल्यमापन' या दोन शब्दांच्या पोटात सापडला. एरवी नाही.

शेवटचं वाक्य सुमनने मला पुन्हा वाचून दाखवलं, कारण तिला ते आवडलं होतं. उत्तम अध्यापक घडवण्यासाठी ही संस्था प्रयत्नांची शिकस्त करते.

मी पेन्सिल खाली ठेवली.

"काय झालं अण्णा?" सुमनने विचारलं.

मी म्हटलं, काही नाही, या 'शिकस्त' शब्दावर एक माणूस नापास झाला होता. तिला वाटलं, शब्दाचं लेखन चुकलं असेल. तिची पिढी उर्दू शिकलेली नाही, त्यामुळे तिला तसं वाटणं साहजिक आहे. तिला मी जे सांगितलं तेच इथे लिहितो आहे. वीस वर्षं होऊन गेली, तरी हे सांगताना माझा आवाज चढतो. घरातल्यांना त्याची सवय आहे.

आमच्या ट्रेनिंगचं माहितीपत्रक कधी निघालं नाही. निजामाचं राज्य होतं. सरकारने त्या वर्षांत परभणीत प्राथमिक मास्तरांसाठी एक वर्ग काढला होता, त्याला आम्ही नुसतं 'ट्रेनिंग' म्हणायचो. त्याचं पत्रक मला लिहायला सांगितलं असतं तर मी असं लिहिलं असतं: इमारत दगडी, भाड्याची, पश्चिमेला खिडक्या, त्यामुळे दुपारनंतर भट्टी. शिकाऊ मास्तर बत्तीस. त्यांत घरी मराठी बोलणारे चोवीस, उर्दू बोलणारे सहा, तेलुगू बोलणारे दोन. म्हणजे चारांत तीन मराठी. आठवड्याच्या तासांत मराठीला दोन तास, तेही उन्हं कलल्यावर, जेव्हा शिकवणाऱ्यालाही जांभया येत. बाकी सगळं उर्दूत. गणित उर्दूत, भूगोल उर्दूत, मुलांशी प्रेमाने कसं वागावं हेही उर्दूत. महिनेसुद्धा दोन होते. घरी चैत्र, वर्गाच्या फळ्यावर खुर्दाद. मी सकाळी चैत्रात उठायचो आणि दहा वाजता खुर्दादमध्ये जाऊन बसायचो.

अंगावर शेरवानी सक्तीची. चैत्राच्या उन्हात गळ्यापर्यंत गुंड्या लावून उभं राहायचं. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात आणि खडू उजव्याच हातात असतो, त्यामुळे आपण लिहिलेलं आपलीच बाही पुसत जाते. ओळ संपवून मागे वळून पाहावं तर निम्मी अक्षरं शेरवानीवर. ज्यांना लहानपणापासून सवय होती ते मनगट उचलून धरत. आम्हा चोवीस जणांची उजवी बाही महिनाभर पांढरी असे. धोब्याने एकदा विचारलं होतं, एकाच हाताने पीठ मळता काय म्हणून.

उर्दूवर माझा राग नाही, हे इथेच सांगून टाकतो, कारण हा विषय निघाला की लोक लगेच त्या वाटेला जातात. आम्हाला उर्दू शिकवणारे मौलवीसाहेब परभणीचेच. त्यांच्याकडून कविता ऐकताना आम्ही घामाघूम शेरवानीतही हलत नसू. माझं उर्दू अक्षर अजून चांगलं आहे आणि तो त्यांचा प्रसाद आहे. माझी चीड त्या व्यवस्थेवर आहे जिने चोवीस मराठी मास्तर मराठी मुलांसाठी उर्दूत घडवायला घेतले आणि त्याला शास्त्र म्हटलं.

शास्त्र खरंच होतं. 'उसूल-ए-तालीम' नावाचा विषय होता, म्हणजे शिकवण्याची तत्त्वं. त्याचं पहिलं तत्त्व मौलवीसाहेबांनी फळ्यावर लिहून दिलं होतं: मालूम से नामालूम की तरफ. मुलाला जे ठाऊक आहे तिथून सुरू करा आणि जे ठाऊक नाही तिकडे घेऊन जा. फार चांगलं तत्त्व आहे. मी अजून तेवढ्या एकाच तत्त्वावर शिकवतो.

त्या दिवशी मागच्या बाकावरून शंकरआप्पा उठला आणि अगदी सरळ मनाने म्हणाला, "मौलवीसाब, फिर बच्चे को मालूम जबान कौनसी?"

मौलवीसाहेब हळू म्हणाले, "बैठ जा बेटा."

शंकरआप्पा पिंगळीचा. परभणीहून रेल्वेने जवळचंच गाव. वाण्याचं घर, वडिलांचं स्टेशनाजवळ किराणा दुकान. गळ्यात लिंग, आणि ते तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही. आम्ही दोघं एका भाड्याच्या माळवदी खोलीत राहायचो. माझी भाकरी खाऊन होई तरी त्याची पूजा चाललेली असे, आणि डोळे मिटलेले असतानाही तो मधेच म्हणे, "ठेचा ठेव माज्यासाठी. कालच्यावाणी करू नको, गोईंदा." बोलायला लागला की थांबायचा नाही. आमचे दोन भाषांतले घोटाळे जमवायचा त्याला नाद होता. सरकारी उर्दूत शिक्षणाला तालीम म्हणत. त्याच्या आजीने शेजारणीला सांगितलं होतं, आमचा शंकर परभणीला तालमीत राहतो, आणि शेजारीण म्हणाली होती, मग अंग का भरंना त्याचं? ही गोष्ट तो स्वतःच्या बारीक दंडावर थाप मारून सांगे.

पण तो परभणीला आला होता एका कामासाठी, आणि ते काम हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पिंगळीत सरकारी शाळा नव्हती. त्याने महादेवाच्या देवळाच्या मंडपात स्वतःच शाळा सुरू केली होती. एकवीस मुलं. पण त्या राज्यात खासगी शाळा चालवायलाही परवानगी लागे, आणि परवानगी देणाऱ्या साहेबाने सांगितलं होतं की सनद घेतलेला मास्तर दाखवा, नाहीतर पुढच्या वर्षी पोरं गोळा करू नका. सनद म्हणजे आमचं ट्रेनिंग पास झाल्याचा कागद. शंकरआप्पा पास झाला तर पिंगळीत शाळा, नापास झाला तर नाही, इतका सरळ हिशेब. तो हिशेब गावाला ठाऊक होता आणि त्यालाही.

सुट्टी तेव्हा शुक्रवारी असे. गुरुवारी संध्याकाळच्या गाडीने तो पिंगळीला जाई. मी एकदोनदा बरोबर गेलो आहे. गाडीचा वेग कमी झाला की फलाटावर पोरांची रांग दिसू लागे आणि गाडी थांबण्याआधीच तेराच्या पाढ्याने आमचं स्वागत होई, कारण मागच्या शुक्रवारी त्याने तेराचा पाढा दिलेला असे. स्टेशनमास्तर तेलुगू. तो म्हणे, मलाही आला आता तुमचा तेराचा पाढा. इतर दिवशी शंकरआप्पाचे चुलते पोरांकडून अक्षरं गिरवून घेत, पण खरी शाळा शुक्रवारची. देवळाची थंड फरशी, ओल्या पाट्यांचा वास, नंदीच्या पाठीवर वाळत ठेवलेल्या पाट्या. पाठीवर शेरवानी नाही, गळ्याशी गुंडी नाही. शंकरआप्पा नुसत्या बंडीवर शिकवताना पाहिला की कळायचं, हा माणूस दुसऱ्या कशासाठी जन्माला आलेला नाही. अपूर्णांक तो ज्वारीच्या मापांवर शिकवायचा. पायली, तिच्यात दोन अधोल्या, अधोलीत दोन शेर. एक पायली रिकामी ठेवायची आणि विचारायचं, किती अधोल्या ओतल्या तर भरंल? मग पोरानेच ओतायची. ज्वारी मापाच्या काठावरून सांडली की सगळे ओरडत. ज्याचं उत्तर चुकलं त्याने सांडलेली वेचायची.

परीक्षा खुर्दादमध्ये, म्हणजे ऐन चैत्रात. माझ्या गावाकडून, येलदरीच्या बाजूने, पूर्णेच्या वाळूतली टरबुजं बैलगाडीने परभणीच्या बाजारात येत. आम्ही टरबूज कापून खायचो आणि उर्दूतले अपूर्णांक घोकायचो. निम्म्याला 'निस्फ', तिसऱ्या हिश्श्याला 'सुल्स', पावाला 'रुबा'. शंकरआप्पा टरबुजाच्या फोडीवर बोट ठेवून म्हणे, "ही सुल्स हाय का रुबा? सुल्स असंल तर मला दे."

परीक्षक बाहेरचे होते. त्यांना 'मुमतहिन साहेब' म्हणायचं. इस्त्रीची शेरवानी, सोन्याची साखळी, आणि उर्दू अशी की मौलवीसाहेबही त्यांच्यापुढे जपून बोलत. आमच्या सरावासाठी जोडलेल्या शाळेत ते आले तेव्हा ओसरीवर तिसरीतला एक पोरगा उभा होता. साहेबांनी त्याला विचारलं, "दफ्तर किधर है?" म्हणजे कचेरी कुठे आहे. पोराने आत पळत जाऊन खुंटीवरचं आपलं दप्तर आणलं आणि दोन्ही हातांनी साहेबांपुढे धरलं. पाटी, बोरू, फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी. आम्ही तोंडं फिरवून हसलो. साहेब हसले नाहीत. "बदतमीज," म्हणाले आणि पुढे गेले.

तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. या माणसाला समोरचा काय म्हणतो हे ऐकायचं नव्हतं. आपला शब्द समोरच्याला आला की नाही, एवढंच त्याला पाहायचं होतं. त्या पोराने जे मागितलं ते दिलं होतं. ज्या जागी तो जन्मला तिथे दप्तर म्हणजे तेच. त्यात तमीज कुठे कमी पडली, हे मला कोणी गणिताने सिद्ध करून दाखवावं.

शंकरआप्पाचा पाठ अपूर्णांकांचा होता. त्याने पिंगळीहून मापं आणली होती. सुरुवात नियमाप्रमाणे उर्दूत केली. "बच्चो, निस्फ किसे कहते हैं?" मुलं गप्प. दुसऱ्यांदा विचारलं. मुलं त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग त्याच्या तोंडून सहज निघून गेलं, "अर्दं रे, अर्दं म्हंजे काय?" पाचसहा हात वर गेले. साहेबांनी छडी मेजावर आपटली. "उर्दू में."

त्यानंतर शंकरआप्पा बोललाच नाही. पायली मेजावर ठेवली, अधोली ठेवली, ज्वारीचं पोतडं उघडलं आणि पहिल्या रांगेतल्या पोराच्या हातात अधोली दिली. पोराने एक ओतली, दुसरी ओतली, पायली भरली. मग शंकरआप्पाने फळ्यावर आकडा काढला, एक छेद दोन. दुसऱ्या पोराने शेराने भरून दाखवली. एक छेद चार. वर्गात ज्वारी पडल्याचा आवाज आणि खडूचा आवाज, एवढंच. शेवटी सगळ्या वर्गाने आपापल्या पाटीवर एक छेद चार बरोबर लिहिलं. मी मागे उभा राहून मोजलं. एकही पाटी चुकीची नव्हती. असा पाठ मी पुढे कधी पाहिला नाही, मला स्वतःला कधी देताही आला नाही.

तोंडी परीक्षा दुपारी. एकेकाला आत बोलवत. शंकरआप्पानंतर माझा नंबर होता, म्हणून मी दारातच उभा होतो. मौलवीसाहेबांना आत बसायची परवानगी नव्हती. साहेबांनी दोनचार प्रश्न विचारले, शंकरआप्पाने पाठ केलेली उत्तरं दिली. मग साहेबांनी विचारलं, आपण आपल्या गावच्या मदरशात, म्हणजे शाळेत, आजवर काय केलं?

हा प्रश्न पाठ केलेल्यांतला नव्हता. देवळाचा मंडप, चुलते, एकवीस पोरं, गुरुवारची गाडी, सगळं शंकरआप्पाच्या डोळ्यांपुढे आलं असणार. त्याने त्यातल्या त्यात भारदस्त शब्द निवडला. आपल्या घरातलाच, पण ऐकायला दरबारी.

"साहब," तो म्हणाला, "हमने शिकस्त की."

उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव. मराठीत शिकस्त म्हणजे करता येईल तेवढं सगळं करणं. तो म्हणाला, आम्ही जिवाचं रान केलं. साहेबांनी ऐकलं, आम्ही हरलो.

साहेब पहिल्यांदाच हसले. शेजारच्या कारकुनाकडे पाहून म्हणाले, "चलो, सच तो बोला." आणि कागदावर काहीतरी लिहिलं. कारकूनही हसला. शंकरआप्पाला वाटलं साहेब खूश झाले, म्हणून तोही हसला. कमरेत वाकून सलाम करून बाहेर आला आणि माझ्या दंडाला धरून कानात म्हणाला, "गोईंदा, झालं बग काम. लय खूश झालाय साहेब."

तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं.

मी आत काय उत्तरं दिली ते आठवत नाही. पास झालो. बाहेर आलो तो थेट मौलवीसाहेबांकडे गेलो आणि काय घडलं ते सांगितलं. ते विहिरीच्या कट्ट्यावर बसले होते. ऐकताना त्यांच्या हातातली तसबीह, म्हणजे जपमाळ, थांबली.

"लफ्ज तो एकीच है रे," ते म्हणाले. "घर बदला, मतलब बदला."

आणि उठून, त्या उन्हात, डाकबंगल्यावर गेले. साहेबांचा मुक्काम तिथे होता. मौलवीसाहेब परत आले तेव्हा उन्हं उतरली होती आणि कडुलिंबाचा वास पुन्हा सुरू झाला होता. कट्ट्यावर बसले, जोडे काढून हातात घेतले, झटकले. आम्ही दोघं उभे होतो. शंकरआप्पाला एव्हाना मी सांगितलं होतं आणि त्याचा चेहरा मला बघवत नव्हता.

"साहब बोले, इम्तिहान उर्दू का है," मौलवीसाहेब म्हणाले. "मरहट्टी मतलब कागज पर नहीं चढता. मैं बोला हुजूर, बच्चे तो मरहट्टी हैं." पुढे साहेब काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. त्या म्हाताऱ्या माणसाने आमच्या शब्दासाठी स्वतःचा अपमान करून घेतला होता, एवढं दिसत होतं.

निकाल लागला. बत्तिसांत एकटा नापास. शेऱ्यात लिहिलं होतं की उमेदवार स्वतःच आपली नाकामी, म्हणजे अपयश, कबूल करतो. पाठाबद्दल एक शब्द नव्हता. वर्गातल्या सगळ्या पाट्यांवर बरोबर उत्तर होतं, ते कुठल्याच कागदावर चढलं नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा बसेन असं तो म्हणाला होता. पण पाऊस सुरू होण्याआधीच परवानगीचा साहेब पिंगळीला येऊन गेला. देवळाला कुलूप घालता येत नाही, म्हणून नुसतं बजावून गेला. पोरं निंदणीला गेली, गुरांमागे गेली. पाट्या दुकानाच्या फळीवर रचून ठेवल्या. त्या एकवीस जणांतले पुढे सही करता येणारे किती निघाले, असं मी त्याला एकदा विचारलं होतं. त्याने चार बोटं दाखवली आणि विषय बदलला.

मग निजामाचं राज्य गेलं. पिंगळीत सरकारी शाळा आली, मराठी शाळा. शंकरआप्पा अर्ज घेऊन गेला. नव्या साहेबाने विचारलं, सनद कुठे आहे? मराठीतून विचारलं, एवढाच फरक. माझा राग एका राज्यापुरता का नाही, ते इथे कळावं.

मी या शब्दाचा पुष्कळ विचार केला आहे. मौलवीसाहेब सांगत, फारसीत शिकस्तचा मूळ अर्थ मोडणं. दरबारात जो मोडला तो हरला. आपल्याकडे तोच शब्द आला आणि शेतात, चुलीपाशी, देवळाच्या मंडपात राहिला. इथल्या लोकांनी त्याचा अर्थ लावला, मोडेपर्यंत करत राहणं. हा बदल कोणी हुकूम काढून केला नाही. मोडल्यावरही काम थांबवता येत नाही अशा माणसांनी तो केला असणार. आणि आता तोच शब्द गुळगुळीत कागदावर, एका रिकाम्या इमारतीच्या चित्राखाली, हलक्या हाताने छापून येतो. संस्था शिकस्त करते. कशाची, कोणासाठी, ते मला त्या पत्रकात सापडलं नाही.

सुमनने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे मी जाऊ नको म्हणता?"

मला तिला थेट नको म्हणता येईना. हो म्हणायलाही जीभ उचलत नव्हती. मास्तर घडवणाऱ्या कारखान्यात आणखी एक पोर घालायची आणि तिने पुढे कोणाला तरी बदतमीज म्हणायचं, हे चित्र डोळ्यांपुढून जात नव्हतं. आठवडाभर अर्ज तसाच पडून राहिला. शेवटी सुमन म्हणाली, मला त्या काकांकडे न्या. तेव्हा रविवारी, आता सुट्टी रविवारी असते, आम्ही दोघं गाडीत बसलो.

पिंगळीचा फलाट रिकामा होता. शंकरआप्पा दुकानात, तागडीच्या मागे. केस पांढरे झालेत, दंड तसेच बारीक. सुमनला पाहून म्हणाला, "ये माय, बस. बापानं ठेचा सोडला का न्हाई अजून?" मग गूळ दिला, पाणी दिलं. मी पत्रक त्याच्यापुढे केलं. त्याने शेवटचं वाक्य वाचलं, बोटाने शब्दावर टिचकी मारली, आणि पत्रक परत दिलं. मी म्हटलं, पोरीला पाठवावं की नाही कळत नाही. तो म्हणाला, मी कोण सांगणार, मी तर नापास.

तेवढ्यात एक मुलगी आली. गावाबाहेरच्या लमाण तांड्यावरची, सात-आठ वर्षांची. एका हातात मोकळं फडकं. शंकरआप्पा तागडीमागे पाठमोरा डबे लावत होता, म्हणून सुमनच पुढे झाली. पोरगी म्हणाली, "लूण."

"लोणी?" सुमन हसली. "अगं, लोणी वाण्याच्या दुकानात कुठलं?"

पोरीने मान हलवली. पुन्हा म्हणाली, "लूण." आणि गप्प झाली. सुमनच्या तोंडाकडे बघत राहिली. ते गप्प होणं मी ओळखलं. निस्फ विचारल्यावर वर्ग असाच गप्प झाला होता. 'माध्यम: मराठी' वाचून मी मान डोलावली होती ती मला तिथे आठवली. तांड्यावरच्या या लेकराला आमची मराठी म्हणजे साहेबाची उर्दूच की.

शंकरआप्पाला तो शब्द ठाऊक असणारच. तांडा रोज त्याच्या दुकानावर येतो. पण तो डब्यापाशी तसाच थांबला होता, बोलत नव्हता. तागडीची साखळी त्याने हाताने धरून ठेवली होती, वाजू नये म्हणून.

सुमन हसायची थांबली. ओट्यावरून खाली उतरली, पोरीसमोर वाकली आणि म्हणाली, "लूण म्हणजे काय गं? दाखव मला."

पोरगी दोन पावलं आत आली, कोपऱ्यातल्या मिठाच्या पोत्यात बोट खुपसलं आणि ते बोट जिभेवर ठेवून सुमनला दाखवलं.

"मीठ होय," सुमन म्हणाली. मग तिच्यासारखंच म्हणून पाहिलं, "लूण." पोरीने ते दुरुस्त करून दिलं. सुमनने पुन्हा म्हटलं.

शंकरआप्पाने तागडी सोडली. मीठ तोलून त्या फडक्यात बांधलं, पोरीच्या हातात दिलं आणि ती नजरेआड होईपर्यंत रस्त्याकडे पाहत राहिला.

"गोईंदा, पोरीला पाठव," तो म्हणाला. "त्या साहेबाला येवढंच इचारता आलं असतं, तर माजी शाळा राहिली असती."